प्रोग्राम बघावा की गाव?

वाचकाचं पत्र

माझी मुलगी मुंबईच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. अमेरिकेत न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी करायची म्हणून तिनं तिकडच्या परीक्षा दिल्या, मुलाखतीही झाल्या. मुलाखती सगळ्या घरात बसून, लॅपटॉपवर. आता आवडीच्या क्रमानं हॉस्पिटलांची यादी भरायची आहे. रोज रात्री वही घेऊन बसते. एका बाजूला हॉस्पिटलांची नावं, दुसऱ्या बाजूला घरभाडं, बर्फ, विमानतळ किती लांब, असं काहीबाही. आमच्या वेळी नंबर लागेल तिथे बाडबिस्तरा घेऊन जायचं, गाव कोण बघत होतं? डॉक्टरकी शिकायची तर हॉस्पिटल बघावं, गावाचं काय घेऊन बसायचं? शिवाय सगळ्यांत मोठ्या नावाचं हॉस्पिटल ती यादीत पहिलं टाकते आहे. मधल्या दर्जाचं, हातचं असलेलं त्यामुळे निसटणार नाही का? — एक वाचक, सांगली

उत्तर

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते सुटे करून घेऊ. निकाल आधीच सांगून टाकायचा तर मुलीची वही बरोबर आहे. डॉक्टर घडतो तो समोर आलेल्या पेशंटांवर, आणि पेशंट पाठवण्याचं काम हॉस्पिटल करत नाही, गाव करतं. न्यूरॉलॉजीत तर हे जरा जास्तच खरं आहे. त्यामुळे हॉस्पिटल एका पानावर आणि गाव दुसऱ्या पानावर असलं तरी हिशेब एकच आहे.

ही रेसिडेन्सी म्हणजे शिक्षण की नोकरी?

दोन्ही. पगार मिळतो, पण मालक शिकवतोही. आपल्याकडे न्यूरॉलॉजिस्ट व्हायची रूढ वाट म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी मेडिसिन, मग सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षं डीएम. जागा मिळते रँकवर. अमेरिकेत एमबीबीएसनंतर थेट चार वर्षांचा कार्यक्रम असतो. पहिलं वर्ष मुख्यतः मेडिसिनच्या वॉर्डांत जातं, पुढची तीन न्यूरॉलॉजीची. त्यातले तीन महिने लहान मुलांची न्यूरॉलॉजी आणि एक महिना मानसोपचार सगळ्यांना करावाच लागतो.

यात एक मेख आहे आणि ती गावाशी जोडलेली आहे. काही जागा चारही वर्षांच्या असतात. त्यांना कॅटेगोरिकल म्हणतात. काही ॲडव्हान्स्ड असतात, म्हणजे न्यूरॉलॉजीची तीनच वर्षं तिथे आणि पहिलं वर्ष दुसरीकडे वेगळं शोधायचं. अशी जागा मिळाली तर पहिलं वर्ष एका राज्यात आणि पुढची तीन वर्षं हजार मैलांवर असंही होऊ शकतं. भाडेकरार दोनदा, सामान दोनदा, आणि नवख्या देशात ओळखी जेमतेम जमतात तोच निघायची वेळ. मुलीच्या यादीत अशा जागा असतील तर त्यांच्यापुढे आधी खूण करायला सांगा.

गावाचा आणि मेंदूच्या शिक्षणाचा संबंध काय?

सगळ्यांत ठळक उदाहरण पक्षाघाताचं, म्हणजे स्ट्रोकचं. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला साधारण १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं; आज ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात. मांडीतून नळी सरकवून गुठळी ओढून काढण्याचा उपाय २०१५ च्या चाचण्यांनी पक्का ठरला, आणि २०१८ मध्ये निवडक पेशंटांसाठी त्याची मुदत २४ तासांपर्यंत गेली. पेशंट वेळेत पोहोचला तरच या सगळ्याचा उपयोग. तो पोहोचणं अवलंबून असतं रस्त्यावर, ॲम्ब्युलन्सवर, शेजारच्या छोट्या हॉस्पिटलांनी लवकर फोन करण्यावर. ते सगळं गावाचं.

अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यातल्या राज्यांना 'स्ट्रोक बेल्ट' म्हणतात: दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, आर्कान्सा, लुईझियाना. तिथे पक्षाघातानं मरणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या मानानं जास्त आहे. त्यामागे रक्तदाब, मधुमेह, गरिबी, वंश आणि उपचारांची पोच अशी कारणांची गुंतवळ आहे. ती उकलण्यासाठी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातून २००३ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात तीस हजारांवर माणसांची नोंद आहे. बर्मिंगहॅमला रेसिडेंट झालेल्या मुलीला स्ट्रोक शोधत फिरावं लागणार नाही. ह्यूस्टनला गेली तर वेगळंच बघायला मिळेल. सीटी स्कॅनचं यंत्र बसवलेली ॲम्ब्युलन्स अमेरिकेत पहिल्यांदा धावली ती तिथे, २०१४ मध्ये. दारातच स्कॅन करून इंजेक्शन द्यायचं, हॉस्पिटलात पोहोचायची वाट बघायची नाही.

याच्या उलट टोकाला मिनेसोटातलं रॉचेस्टर. लोकवस्ती जेमतेम सव्वा लाख, पण मेयो क्लिनिक तिथलं. १८८३ मध्ये वावटळीनं गाव उद्ध्वस्त केलं, त्यानंतर नन्सच्या आग्रहानं १८८९ मध्ये रुग्णालय उभं राहिलं, आणि त्यातून मेयो बंधूंची ही संस्था वाढली. तिथे पेशंट येतात ते सहा डॉक्टर पालथे घालून, फायलींचा गठ्ठा घेऊन, देशोदेशींहून. डोळ्यांची नस आणि मणक्यातली मज्जा यांवर एकाच वेळी घाला घालणाऱ्या एका आजाराची रक्ततपासणी २००४ मध्ये मेयोच्याच प्रयोगशाळेतून आली. तोवर अनेकांना मल्टिपल स्क्लेरोसिस समजून चुकीची औषधं मिळत होती. हे शिक्षणही अव्वलच आहे. बर्मिंगहॅममध्ये रोजचा आजार झटपट ओळखायला शिकतात, रॉचेस्टरमध्ये दुर्मीळ आजार सवडीनं उकलायला. मुलीला पुढे कोणत्या प्रकारची डॉक्टर व्हायचंय, यावर तिनं ठरवावं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात एक ओळखीचा आजार भेटेल. आपल्या वॉर्डांत फीट येऊन आलेल्या तरुणाच्या स्कॅनमध्ये फितकृमीच्या अळीची गाठ दिसणं नवं नाही. तिथे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांत तोच आजार दिसतो. बॉस्टनमध्ये शिकलेल्या सहकाऱ्यानं तो पुस्तकात वाचलेला असतो. आपल्या मुलांनी तो ससूनला, केईएमला हाताळलेला असतो. एमबीबीएसचा तो अनुभव अशा गावात उपयोगी पडतो, आणि मुलाखतीतही सांगण्याजोगा असतो.

मात्र तिथे भाषेचा प्रश्न येतो. न्यूरॉलॉजीची निम्मी तपासणी बोलण्यातूनच होते. स्ट्रोकच्या पेशंटला चित्रांचा एक कागद दाखवून नावं विचारतात. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या कागदावर हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, झाडांना टांगलेली झोळी आणि पीस आहे. हैतीहून आलेली सत्तरीची बाई झोळीचं नाव सांगत नसेल, तर मेंदूचा भाषेचा भाग गेलाय, की तिनं अशी झोळी कधी पाहिलीच नाही, की फोनवरच्या दुभाष्यानं प्रश्न वेगळाच विचारला? मायामी, लॉस एंजेलिस, न्यू यॉर्क अशा शहरांत हा गुंता रोजचा. तो सोडवता येणं हे कसब आहे, आणि ते एकभाषी गावात येत नाही.

मग हॉस्पिटलाचं काय बघायचं? नाव?

नाव बघावं, पण आधी रात्र बघावी.

नियम सगळीकडे सारखे आहेत. चार आठवड्यांची सरासरी काढून आठवड्याला ८० तासांहून जास्त काम नाही, सात दिवसांत सरासरी एक दिवस मोकळा, सलग २४ तासांची ड्यूटी आणि पेशंट पुढच्याच्या स्वाधीन करायला वर चार तास. पण या चौकटीत प्रत्येक हॉस्पिटलाची रात्र वेगळी असते.

समजा, पहाटे तीनला पेजर वाजतो. इमर्जन्सीत ६८ वर्षांचे गृहस्थ, उजवा हात-पाय लुळा, तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट जिना उतरता उतरता पहिला प्रश्न विचारते, शेवटचे धडधाकट कधी होते? बायको म्हणते, साडेअकराला टीव्ही बंद करून झोपले तेव्हा ठीक होते. म्हणजे साडेतीन तास गेले, एक तास उरला. वजन किती? साखर किती? रक्तदाब १८५/११० च्या वर आहे, तो आधी खाली आणायचा, नाहीतर इंजेक्शन देता येत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? बायको म्हणते, गुलाबी गोळी आहे कसली तरी, डबी घरी राहिली. सीटी होऊन येईतो तीन वीस. आता ही चाळीस मिनिटं तिच्या शेजारी कोण उभं असतं? एखाद्या हॉस्पिटलात चौथ्या वर्षाचा सीनियर त्याच मजल्यावर असतो. दुसरीकडे वरिष्ठ डॉक्टर व्हिडिओवर पेशंट बघतो. तिसरीकडे ती एकटी असते आणि त्याच वेळी दुसऱ्या हॉस्पिटलातून दुसरा फोन येतो, कारण रात्री दोन इमारती एकीच्याच गळ्यात असतात. माहितीपत्रकात तिन्ही प्रोग्राम सारखेच दिसतात.

म्हणून विचारायचे प्रश्न साधे आहेत. रात्री स्ट्रोकचा पेजर कोणाकडे, आणि तो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात हाती येतो का? रात्रपाळीचा वेगळा गट आहे, की दिवसभर राबलेलीच रात्रभर जागते? रात्री किती इमारती सांभाळायच्या? फीट थांबत नसलेल्या पेशंटचा ईईजी पहाटे कोण वाचतं?

त्यानंतर दिवस बघावा. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. वॉर्डातला थरार मुलाखतीत छान सांगता येतो, पण शिकून बाहेर पडल्यावर बहुतेक न्यूरॉलॉजिस्टांचं काम ओपीडीतलं असतं: डोकेदुखी, फीट, कंपवात, विसरभोळेपणा, हातापायांच्या मुंग्या. रेसिडेंटांना वॉर्डाच्या गाड्याला जुंपून ओपीडीला उरलंसुरलं देणारा प्रोग्राम माणसाला तयार करत नाही. आठवड्याच्या ओपीडीत वरिष्ठ डॉक्टर पेशंट स्वतः बघतो, की दारातूनच 'ठीक आहे' म्हणतो? मज्जातंतूंची विद्युत तपासणी मुलीच्या हातून होते, की ती नुसती बघते? आणि गेल्या चार-पाच वर्षांत तिथून बाहेर पडलेली मुलं कुठे गेली? स्ट्रोक, फिट्स, कंपवात, मज्जातंतू अशा विषयांच्या फेलोशिपना चांगल्या ठिकाणी पोहोचली असतील, तर प्रोग्रामनं आपलं काम केलंय. ही यादी प्रोग्राम आनंदानं देतो. देताना का-कू करत असेल, तर तेही उत्तरच समजावं.

आता नाव. बॉस्टनला मिलर फिशर यांनी स्ट्रोकचं शास्त्र पेशंटच्या खाटेशी बसून बांधलं. सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारं प्रथिन, मांडला, त्याला आधी हसले आणि १९९७ मध्ये नोबेल दिलं. न्यू यॉर्कची न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट १९०९ पासूनची. अशा ठिकाणी प्रयोगशाळेची दारं खुली असतात, आणि तिथल्या केंद्र सरकारच्या मज्जासंस्था-संशोधन संस्थेची रेसिडेंटांसाठीची अनुदानं जास्त करून अशाच ठिकाणी जातात. मुलीला संशोधन करायचं असेल तर नावाला मोल आहे, आणि ते भरपूर आहे. पेशंट बघायचेत आणि एखाद्या गावात स्थिरावायचंय, तर त्याच नावापायी मोजलेलं घरभाडं जड जाईल.

घरभाडं, बर्फ आणि विमानतळ: हे लाड नव्हेत?

नव्हेत. रेसिडेंटचा पगार साधारण ६० ते ८० हजार डॉलर असतो आणि शहरागणिक तो थोडाच बदलतो. घरभाडं मात्र फार बदलतं. सॅन फ्रान्सिस्को, बॉस्टन, न्यू यॉर्क इथे एका खोलीच्या घरात पगाराचा मोठा लचका जातो. सेंट लुइस, क्लीव्हलँड, बर्मिंगहॅम इथे त्याच पैशात हॉस्पिटलजवळ नीट घर मिळतं आणि घरी पैसे पाठवायला काही उरतं. टेक्सासात राज्याचा उत्पन्नकर नाही, पण ह्यूस्टनमध्ये गाडीशिवाय भागत नाही. म्हणजे तिथे करात वाचलेला पैसा गाडीच्या हप्त्यात आणि विम्यात जातो. न्यू यॉर्कमध्ये भुयारी रेल्वे असते, गाडी लागत नाही.

घर हॉस्पिटलजवळ असणं ही चैन नाही. सलग २८ तास जागलेल्या माणसानं महामार्गावर गाडी चालवणं धोक्याचं. थकलेल्या रेसिडेंटला झोपायची जागा किंवा घरी जायची सुरक्षित सोय देणं हे प्रोग्रामवर नियमानंच बंधन आहे. ती सोय कागदावर आहे की खरंच वापरतात, हे विचारून घ्यावं. पंधरा मिनिटांच्या अंतरावर घर आणि चाळीस मिनिटांच्या अंतरावर घर यांतला फरक चार वर्षांत शेकडो तासांचा होतो. त्या तासांत झोप होते, किंवा होत नाही.

हवामानाचं म्हणाल तर न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी असलेली रॉचेस्टर नावाची दोन गावं आहेत. यादी भरताना राज्याचं नाव तपासून घ्या. मिनेसोटातल्या रॉचेस्टरला हिवाळा हाडं गोठवणारा, पण गावानं त्याचा बंदोबस्त केलाय. इमारती जमिनीखालच्या वाटांनी आणि हवेतल्या बंदिस्त पुलांनी जोडल्यात. कोट न घालता माणूस हॉटेलातून क्लिनिकात पोहोचतो. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारा बर्फ, वर्षाला अडीच मीटरच्या आसपास. त्या विद्यापीठाचं पार्किन्सन आणि हंटिंग्टनच्या औषधचाचण्यांत मोठं नाव आहे, पण सकाळी सहाच्या राउंडला जाण्याआधी गाडी फावड्यानं मोकळी करायची तयारी हवी. ह्यूस्टनला बर्फाऐवजी वादळं. २००१ मध्ये ॲलिसन वादळाचं पाणी तिथल्या मेडिकल सेंटरमधल्या हॉस्पिटलांत शिरलं होतं. आता वादळ यायच्या आधीच मुक्कामी राहायची डॉक्टरांची तुकडी ठरते, आणि त्यात रेसिडेंट असतातच.

माणसं आणि जेवण यांचं थोडक्यात. उत्तर अमेरिकेत मोठ्या शहरांतून महाराष्ट्र मंडळं आहेत, भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत. लहान गावात तूरडाळ आणायला दीड तास गाडी हाकावी लागते. एकटी, पहिल्यांदा परदेशी, आठवड्याला ऐंशी तास काम. गणपतीत कुणाच्या घरी आरतीला जाता येणं तिला किती लागेल, हे तिचं तिनं ठरवायचं. काहींना लागतं, काहींना अजिबात नाही. ज्यांच्या नवऱ्यानं किंवा बायकोनंही त्याच वर्षी रेसिडेन्सीसाठी अर्ज केलाय, त्यांना दोघांच्या याद्या जोडून एकाच शहरात जागा मागण्याची सोय आहे. जोडीदार दुसऱ्या व्यवसायात असेल तर त्याला कुठे काम मिळेल, हा प्रश्न यादीच्या वरच्या टोकाला घ्यावा.

एक बाब मात्र आवडीनिवडीवर सोडता येत नाही, ती म्हणजे व्हिसा. बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-वन व्हिसावर जातात. त्याची अट अशी की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं. ती माफ करून घ्यायची एक प्रसिद्ध वाट म्हणजे डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० माफ्या देता येतात. म्हणजे आज ज्या शहराचा खल चाललाय, त्यानंतरची तीन वर्षं कॅन्ससच्या एखाद्या छोट्या गावातही जाऊ शकतात. एच-वन-बी व्हिसा देणारे प्रोग्राम मुळातच कमी, त्याला तिकडच्या परीक्षांतली तिसरीही आधी पास व्हावी लागते. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात देशाबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. कोणता प्रोग्राम यंदा कोणता व्हिसा देतो, हे जुन्या माहितीवर न विसंबता थेट तिथल्या कचेरीला विचारून लेखी घ्यावं.

मोठं नाव पहिलं टाकलं तर हातचं निसटणार नाही का?

नाही. ही भीती आपल्या कॅप राउंडांची देणगी आहे. पसंतीक्रम भरताना 'हे मिळेल का' याचा अंदाज बांधायची आपल्या घरांना सवय लागली आहे. इथे तो अंदाज बांधायची गरज नाही, आणि त्याचं कारण गणितात आहे.

अमेरिकेत रेसिडेंट आणि हॉस्पिटलं यांची जुळणी १९५२ पासून एका केंद्रीय यंत्रणेतून होते. उमेदवार हॉस्पिटलांची यादी देतात, हॉस्पिटलं उमेदवारांची. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी नेमका असा प्रश्न सोडवला. त्यांच्या निबंधाच्या नावातच कॉलेजप्रवेश आणि लग्नं दोन्ही आहेत. पुढे ॲल्विन रॉथ यांनी रेसिडेन्सीची पद्धत नव्यानं बांधली, ती १९९८ पासून लागू आहे, आणि २०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पद्धत अशी. समजा मुलीनं बॉस्टन पहिलं, बर्मिंगहॅम दुसरं, सेंट लुइस तिसरं लिहिलं. यंत्र आधी तिच्यासाठी बॉस्टनचं दार ठोठावतं. बॉस्टनच्या जागा त्यांना जास्त आवडलेल्या मुलांनी भरल्या, तर यंत्र तिला घेऊन बर्मिंगहॅमला जातं. तोवर बर्मिंगहॅमनं दुसऱ्या कुणाला तात्पुरतं घेतलं असलं तरी बिघडत नाही. बर्मिंगहॅमच्या यादीत मुलगी त्याच्या वर असेल, तर त्याला उठवून तिला बसवतात, आणि तो मुलगा आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. बर्मिंगहॅमला आपण दुसरे आहोत हे कळतही नाही आणि त्यानं काही बिघडतही नाही. बॉस्टन वर लिहिल्यानं बर्मिंगहॅमची शक्यता तसूभरही कमी होत नाही. उलट 'मिळण्यासारखं' म्हणून बर्मिंगहॅम वर लिहिलं आणि बॉस्टन तिला घ्यायला तयार होतं, तर बॉस्टन गेलं ते गेलं.

म्हणून क्रम एकाच कसोटीवर लावायचा: दोन्हीकडून बोलावणं आलं तर ती कुठे जाईल? मुलाखतीत कोण गोड बोललं, कुणी 'तू आम्हाला फार आवडलीस' अशी ईमेल पाठवली, याचा या यादीशी संबंध नाही. दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. निकाल दोघांवर बंधनकारक असतो, त्यामुळे जिथे चार वर्षं काढायची तयारी नाही ते नाव यादीत घालूच नये. घालण्याजोगी नावं मात्र जितकी असतील तितकी घालावीत. निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो, पण जागा मिळाली की नाही एवढं त्याच आठवड्याच्या सोमवारी कळतं. न मिळालेल्यांसाठी उरलेल्या जागांची एक घाईची फेरी त्याच आठवड्यात होते.

न पाहिलेलं गाव ओळखायचं कसं?

२०२० पासून मुलाखती पडद्यावर गेल्या. विमानाचे पैसे वाचले, पण गावात पाय ठेवून बघायची संधी हुकली. त्यावर उपाय म्हणजे तिथल्या रेसिडेंटांशी बोलणं. मुलाखतीच्या दिवशी प्रोग्रामनं समोर आणलेल्यांशी तर बोलायचंच, पण एकदा सवडीनं, अधिकाऱ्यांच्या माघारीही बोलायचं. एक भारतातून आलेला असावा, एक तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा असावा, आणि जमलं तर एक आत्ताच सोडून गेलेला.

त्यांना 'कसं आहे तिथे?' असं विचारू नये; उत्तर 'छान' येतं. गेल्या रविवारी काय केलंस, असं विचारावं. जो माणूस झोपला, भाजी आणली, मित्राकडे जेवला असं सांगतो, त्याचं जगणं चालू आहे. ज्याला रविवार आठवतच नाही, त्याच्याशी बोलणं थोडं लांबवावं. आजारी पडलास तर तुझी ड्यूटी कुणी केली, हेही विचारावं. मागच्या वर्षी कुणी मध्येच सोडून गेलं का, गेलं तर का, हेही.

तक्रारी ऐकायला येतीलच. आठवड्याला ऐंशी तास काम करून जो तक्रार करत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणं कठीण. पण तक्रार कशाची आहे ते नीट ऐकावं. झोपेची, बर्फाची, पार्किंगची, कँटीनच्या कॉफीची कुरकुर करणारे रेसिडेंट बहुतेकदा चांगल्या ठिकाणी असतात. जिथे कुरकुर वरिष्ठांची आणि शेजारच्या रेसिडेंटची असते, तिथलं घर कितीही स्वस्त असो, तो प्रोग्राम यादीत खाली सरकवावा.